रात्री दीडचा नकाशा : नासाच्या ‘वर्ल्डव्ह्यू’बद्दल एका उपकेंद्र ऑपरेटरचं मत

पैसे पडत नाहीत, लॉगिन लागत नाही, मधेच जाहिरात येत नाही. नासाची ‘वर्ल्डव्ह्यू’ ही वेबसाइट उपग्रहांनी टिपलेली पृथ्वीची चित्रं तारीखवार दाखवते. ढग, वणव्यांचा धूर, चक्रीवादळं असं बरंच काही तिच्यात आहे, पण मी ती उघडतो ती फक्त रात्रीच्या चित्रांसाठी. माझी बहुतेक नोकरी सोलापूर जिल्ह्यात, टेंभुर्णीच्या आसपासच्या ३३/११ केव्ही उपकेंद्रांत ऑपरेटर म्हणून झाली. ऑपरेटर म्हणजे पॅनलसमोर बसून कोणत्या फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीवर) किती अँपिअर लोड चाललाय ते तासातासाला लॉगशीटवर लिहिणारा, ट्रिप झालेला फीडर पुन्हा चार्ज करणारा आणि ‘लाईट कधी येणार?’ ह्या प्रश्नाला रात्रभर फोनवर उत्तर देणारा माणूस. आमच्या हद्दीतली गावं मला दिवसापेक्षा रात्री जास्त ठाऊक आहेत. त्यामुळे उपग्रहाला काय दिसलं आणि जमिनीवर काय होतं हे ताडून बघता येतं. ह्या अभिप्रायाचं भांडवल तेवढंच.

मत आधीच सांगून टाकतो. वापरा, जरूर वापरा. पण ‘माणसं कुठे राहतात’ हे शोधायला वापरणार असाल तर शेजारी वीज खात्यातला एखादा जुना माणूस घेऊन बसा.

वेबसाइट उघडली की समोर दिवसाचं चित्र येतं. ‘ॲड लेयर्स’मध्ये जाऊन ‘ब्लॅक मार्बल’ (रात्रीच्या उजेडाची चित्रं) शोधायचं, तो थर चढवायचा आणि खालच्या पट्टीवर तारीख सरकवायची. ‘अर्थ ॲट नाइट’ नावाचे २०१२ आणि २०१६ चे दोन तयार नकाशेही आहेत. वर्षभरातल्या स्वच्छ रात्री निवडून ते जुळवलेले असल्यामुळे दिसायला सुंदर आहेत, भिंतीवर लावायला चांगले. खरा माल मात्र रोजच्या चित्रांत. ती काढणारा पहिला उपग्रह सुओमी एनपीपी, २८ ऑक्टोबर २०११ ला सोडलेला. त्याच्या जोडीला २०१७ मध्ये नोआ-२० आणि २०२२ मध्ये नोआ-२१ आले. सव्वाआठशे किलोमीटर उंचीवरून हे ध्रुवावरून ध्रुवाकडे फिरतात आणि त्यांच्यावरचा कॅमेरा इतका हळवा आहे की चांदण्यात चमकणारे ढगही त्याला दिसतात. एक ठिपका जमिनीवरचा साधारण पाऊण किलोमीटरचा चौकोन धरतो. म्हणजे घर दिसत नाही, गल्ली दिसत नाही. गाव दिसतं, तेही एकदोन ठिपक्यांचं.

आता मुद्द्याची गोष्ट. हे उपग्रह कोणत्याही ठिकाणावरून जातात ते तिथल्या घड्याळात रात्री दीडच्या सुमाराला. दीड! हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा ह्या चित्रांचा अर्थ लागला. दीडची वेळ म्हणजे आमची नाइट निम्मी सरलेली. चहाचा थर्मास रिकामा, कुत्री थकून गप्प, आणि पॅनलवर एक मजा दिसायची. गावठाणाचा फीडर, म्हणजे ज्याच्यावर घरं, दुकानं, शाळा, रस्त्यावरचे दिवे असतात तो, पंधरावीस अँपिअरवर येऊन पडलेला. आणि शेजारच्या शेतीपंपाच्या फीडरची रात्रपाळी असेल तर तो शंभराच्या पुढे. आमच्याकडे शेतीला वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की अख्खं शिवार जागं. लोक बॅटरी घेऊन दारं धरत (पिकाला पाणी देत) हिंडत असतात, बांधावर गप्पा चालतात, कुणी मोटर चालू करायला डीपीकडे पळतंय. वीज सगळ्यांत जास्त तिकडे जाते, जागी माणसं तिकडेच, आणि उपग्रहाच्या चित्रात तिथे काळं शेत. पाच हॉर्सपॉवरची मोटर कितीही करंट खाऊ दे, ती उजेड देत नाही.

तिकडे गावात सगळे झोपलेत, आणि चित्रात ठिपका गावाचाच. तो कशाचा? ग्रामपंचायतीच्या खांबांचा, पेट्रोल पंपाचा, धाब्याचा, देवळाच्या शिखरावरच्या हॅलोजनचा, कुणा पुढाऱ्याच्या कमानीचा. घरातला झिरोचा बल्ब पत्र्याखालून वर जात नाही. माझ्याबरोबर लाईनवर काम केलेले आमचे नाना, निवृत्त प्रधान तंत्रज्ञ, त्यांना मी लॅपटॉपवर हे दाखवलं तर त्यांचा पहिला प्रश्न, ‘आपला फीडर दिसतो का?’ दिसत नाही. दुसरा प्रश्न, ‘मग आकडे टाकलेले दिसतात का?’ ते दिसतात हो नाना, पण वेगळे ओळखू येत नाहीत. लग्नाच्या मांडवाला तारेवर आकडा टाकून लावलेला फोकस आणि रीतसर मीटरवरचा फोकस, उपग्रहाला दोन्ही सारखेच. नाना बराच वेळ हसत होते.

कोकणात ह्याचं उलटं होतं. वाड्या विखुरलेल्या, घरं आंब्या-फणसाच्या आणि माडांच्या खाली. खांब आहे, दिवा आहे, पण वरून बघणाऱ्याच्या आणि दिव्याच्या मधे झाडांचं छप्पर. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे तर गाव असं एका जागी नसतंच, टेकडीटेकडीवर पाडे. पाड्यावरचे दोनचार बल्ब पाऊण किलोमीटरच्या चौकोनात विरून जातात. आमच्या माढ्या-करमाळ्याकडे गाव दाटीचं, घराला घर लागून, मधे चौक आणि चौकात हायमास्ट. तेवढीच माणसं, पण चित्रात ठळक. वस्तीची घडण कशी आहे ह्यावर दिसणं-न दिसणं ठरतं, आणि हे वेबसाइट कुठेच सांगत नाही.

ह्या सगळ्यात मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ केलं ते गळीत हंगामाच्या चित्रांनी. त्यावर थोडं सविस्तर लिहितो.

आमचा भाग साखर कारखान्यांचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बॉयलर पेटतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखाना चोवीस तास चालतो. गव्हाणीवर, वजनकाट्यावर, ट्रक-ट्रॅक्टरच्या यार्डात फ्लडलाईट रात्रभर. ‘वर्ल्डव्ह्यू’वर तुलना करायची सोय आहे. पडद्याच्या मधोमध एक उभी रेघ येते, डावीकडे एक तारीख, उजवीकडे दुसरी, आणि रेघ सरकवत बघायचं. मे महिन्यातली एक स्वच्छ रात्र आणि जानेवारीतली एक, अशा लावा. माढा, माळशिरस, इंदापूर ह्या पट्ट्यात जानेवारीच्या बाजूला कारखान्यांचे ठिपके फुगलेले दिसतात. काही दूरवरचे ठिपके एखाद्याच रात्री उगवतात आणि दुसऱ्या रात्री नसतात, ते बहुधा पेटवलेलं पाचट.

ह्याच हंगामात बीड जिल्ह्यातून, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी अशा तालुक्यांतून, ऊसतोडीला लाखो माणसं घर सोडून निघतात. दसरा झाला की मुकादमाची गाडी दारात. नवरा-बायको मिळून एक कोयता, बरोबर लहान पोरं, दोन भांडी, शेळी असली तर शेळी. गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागे ठेवलेली मुलं. इकडे कारखान्याच्या आसपास माळावर, कॅनॉलच्या कडेला त्यांच्या कोप्या पडतात. पाचटाच्या, ताडपत्रीच्या. तिथे मीटर नाही, खांब नाही. फार तर मोबाइलची बॅटरी, एखादा सोलरचा दिवा, चुलीचा जाळ. पहाटे चारला फडात जायचं म्हणून दीड वाजता सगळे गाढ झोपेत.

आता चित्र बघा. बीडमधल्या त्या गावांचा ठिपका दसऱ्याआधी जसा होता तसाच जानेवारीत. कुलूप लावलेल्या घरांपुढे खांबावरचा दिवा इमाने-इतबारे जळतोय. आणि इकडे ज्या माळावर हजार-हजार माणसं झोपलीत तो काळा. त्याला लागून कारखान्याचा झगमगाट, आणि त्यातल्या कित्येक कारखान्यांत उसाच्या चिपाडावर वीज तयार होऊन ग्रीडला विकली जाते. माणसं जिल्हा ओलांडून आली, अर्धं वर्ष राहिली, परत गेली, आणि रात्रीच्या नकाशात एक ठिपका हलला नाही. कुणी उद्या ह्या चित्रांवरून ‘जानेवारीत लोकसंख्या कुठे असते’ असा नकाशा काढला तर तो बीडची माणसं बीडमध्येच मोजेल, आणि शाळा, दवाखाना, रेशन तिथेच देईल जिथे आत्ता कुलपं आहेत.

दिवा विझण्याचंही तसंच. ग्रामपंचायतीची दिवाबत्तीची थकबाकी वाढली की रस्त्यावरच्या दिव्यांचं कनेक्शन तोडलं जातं. हे मी नोकरीत पुष्कळदा बघितलं. घराघरांत लाईट आहे, टीव्ही चालू आहे, गिरणी चालू आहे, फक्त खांब काळे. वरून बघणाऱ्याला वाटावं गाव उठून गेलं. सरपंचाने काही रक्कम भरली की गाव पुन्हा ‘वसतं’.

मग ही चित्रं खोटी आहेत का? अजिबात नाही, काही ठिकाणी तर इतकी खरी आहेत की जनगणनेचं पुस्तक उघडायला नको. इजिप्त बघा. आजूबाजूला वाळवंटाचा काळोख, मधून नाईलची वेडीवाकडी उजळ दोरी आणि कैरोच्या पुढे त्रिभुज प्रदेशाचा पंखा. त्या देशातली जवळजवळ सगळी माणसं नदीकाठीच राहतात आणि चित्र तेच दाखवतं. मादागास्करमधलं इलाकाकाचं उदाहरणही असंच. १९९८ च्या शेवटी तिथे नीलमणी सापडले, खाणकामगार लोटले, आणि आधी जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे पुढच्या काही वर्षांत उपग्रहाला उजेड दिसू लागला. हेंडरसन, स्टोरीगार्ड आणि वाइल ह्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये रात्रीच्या उजेडावरून देशांची आर्थिक वाढ मोजायची पद्धत मांडली, त्यात हे उदाहरण आहे. जिथे कागदोपत्री आकडे मिळत नाहीत किंवा सरकारी आकड्यांवर भरवसा नाही तिथे ती कामाला येते. सीरियात युद्ध सुरू झाल्यावर चार वर्षांत रात्रीचा उजेड ८० टक्क्यांहून जास्त घटल्याचं ह्याच मार्गाने कळलं. मारिया वादळानंतर २०१७ मध्ये प्वेर्तो रिकोत कोणत्या भागात वीज आली आणि कुठे महिनोन्महिने आली नाही, हेही. हा शेवटचा उपयोग मला सगळ्यांत पटतो, कारण तिथे प्रश्न विजेचाच आहे आणि उत्तरही विजेचंच.

उलट टोकाला भारत-पाकिस्तान सीमा. पंजाबपासून राजस्थानमार्गे गुजरातपर्यंत कुंपणाच्या कडेने फ्लडलाईट आहेत. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून ऑगस्ट २०११ मध्ये काढलेल्या छायाचित्रात ती नारिंगी रेघ स्पष्ट दिसते, आणि ‘वर्ल्डव्ह्यू’वरही राजस्थानच्या काळोखात ती सापडते. थरच्या वाळवंटात त्या रेघेवर राहतं कोण? पहारेकरी. आणखी जवळचं हवं असेल तर मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात जा, साधारण १६० किलोमीटर. अरबी समुद्राच्या मधोमध उजेडाचा एक पुंजका आहे. १९७४ मध्ये तेल सापडलं ते हे बॉम्बे हाय. प्लॅटफॉर्मचे दिवे आणि जाळून टाकलेल्या वायूच्या ज्वाला. पाळीपाळीने येणारी-जाणारी माणसं सोडली तर तिथे वस्ती कसली, पण चित्रात एखाद्या शहराएवढा मान.

बिहारबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ह्या नकाशामुळे होणारा सगळ्यांत मोठा गैरसमज तिथला आहे. २०११ च्या जनगणनेत बिहारची घनता चौरस किलोमीटरला ११०६ माणसं, महाराष्ट्राची ३६५. म्हणजे तिप्पट. आणि २०१२ चा ‘अर्थ ॲट नाइट’ उघडा. महाराष्ट्र-गुजरात लखलखीत, बिहार मंद. कारणही त्याच जनगणनेत आहे. दिवाबत्तीसाठी मुख्यतः वीज वापरणारी घरं बिहारमध्ये १६.४ टक्के, आपल्याकडे ८३.९ टक्के. आठ कोटींहून जास्त माणसं रॉकेलच्या चिमणीवर होती, आणि चिमणी उपग्रहाला दिसत नाही. पुढे तारा ओढल्या गेल्या, २०१७ मध्ये घरोघरी वीज देण्याची सौभाग्य योजना आली, २८ एप्रिल २०१८ ला मणिपूरमधलं लेइसांग हे शेवटचं गाव जोडलं गेल्याचं जाहीर झालं. (सरकारी व्याख्येत गावातल्या १० टक्के घरांना वीज पोचली तरी गाव ‘विद्युतीकृत’ धरतात, हे आमच्या खात्यात सगळ्यांना पाठ.) हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने, म्हणजे इस्रोच्याच एनआरएससीने, २०१२ ते २०२१ ह्या काळाचा रात्रीच्या उजेडाचा ॲटलास २०२३ मध्ये काढला. त्यात देशाचा उजेड ४३ टक्के वाढलेला आणि बिहारचा ४७४ टक्के. बिहारमध्ये माणसं पावणेसहा पट झाली नाहीत, हे सांगायला नको. होती तीच माणसं दिसायला लागली.

आता व्हॉट्सॲपवाल्यांसाठी. दर दिवाळीला ‘अवकाशातून भारत, दिवाळीच्या रात्री’ म्हणून एक रंगीबेरंगी फोटो फिरतो, निळा-हिरवा-लाल. तो दिवाळीचा नाही. अमेरिकेच्या नोआ ह्या हवामान-समुद्र संस्थेतल्या ख्रिस एल्विज ह्यांनी २००३ मध्ये जुन्या लष्करी हवामान उपग्रहांच्या चित्रांतून तो तयार केला. पांढरे दिवे १९९२ च्या आधीपासूनचे, निळे १९९२ मध्ये दिसू लागलेले, हिरवे १९९८ मध्ये आणि लाल २००३ मध्ये. खरं तर हा दिवाळीच्या फोटोपेक्षा कितीतरी मोलाचा नकाशा आहे, शहरं कुठून कुठे पसरली ते दाखवणारा, पण ते कुणी वाचत नाही. नासाने २०१२ मध्ये सुओमी एनपीपीचं १२ नोव्हेंबरच्या रात्रीचं चित्र प्रसिद्ध करून हा घोळ निस्तरला आणि सांगितलं की दिवाळीने वाढणारा उजेड अवकाशातून जाणवण्याइतका नसतो. गंमत अशी की लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे चंद्राचा उजेड मधे न येणारी, बघायला सगळ्यांत सोयीची रात्र. अमेरिकेतल्या शहरांत नाताळच्या दिवसांत २० ते ५० टक्के उजेड वाढलेला दिसतो. मला त्यात नवल वाटत नाही. तिकडे अंगणातल्या, छपरावरच्या माळा महिनाभर रात्रभर चालू राहतात. आपली पणती दीडच्या आत विझते, आणि आकाशकंदिलाचा बल्ब पाच-सात वॉटचा.

५ एप्रिल २०२० चंही तेच. रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे घालवायचे होते. देशाची मागणी काही मिनिटांत ३१ हजार मेगावॅटने खाली आली आणि ग्रीड सांभाळणाऱ्यांनी जलविद्युत केंद्रं खालीवर करून ती पेलली. आमच्यासारख्या खालच्या ऑपरेटरांनाही संध्याकाळपासून सूचना होत्या, घरातले दिवेच घालवायचेत, पंखे-फ्रिज चालू राहू द्या असं लोकांना सांगा म्हणून. एवढी मोठी घटना, आणि उपग्रह आले दीडला. तोवर सगळे दिवे लागून पुन्हा विझलेले. संध्याकाळचं भारनियमनही असंच निसटतं. त्यासाठी १९९२ ते २०१३ चे जुने उपग्रह बरे होते, ते रात्रीच्या पहिल्या प्रहरात यायचे. पण त्यांची नजर जाड, शून्य ते त्रेसष्ट एवढ्याच पायऱ्या, मुंबई-पुणं त्रेसष्टवर जाऊन अडकलेली. आणि म्हणून जुनी-नवी चित्रं शेजारी ठेवून सरळ तुलना करू नका. वेळच वेगळी आहे.

आता सेवेतले दोष. जून ते सप्टेंबर महाराष्ट्र बघायचा नाद सोडा, ढगांशिवाय काही मिळत नाही. आषाढीला पंढरपूर कसं दिसतं हे बघायची माझी हौस त्यामुळे कधी फिटली नाही. पौर्णिमेच्या आगेमागे साध्या थरावर चांदण्याने धरणं आणि ढग चमकतात, ते दिवे समजू नका. चंद्र, हवा वगैरेचा हिशोब वजा केलेला दुरुस्त थरही आहे, तो निवडा. मोबाइलवर पानं अडकतात, बोटाने नकाशा ओढला तर तारीखच सरकते. लॅपटॉप हवाच. ठिकाणांची नावं मोठ्या शहरांपुरती. टेंभुर्णी शोधायला मी अक्षांश-रेखांश टाकतो किंवा आधी उजनीचं काळं पाणी शोधून तिथून पूर्वेला येतो. मराठी कुठेच नाही.

आणि एक मोठा दोष, जो वेबसाइटचा नाही, कॅमेऱ्याचा आहे. त्याला निळा उजेड दिसत नाही. ५०० नॅनोमीटरच्या खालचं त्याच्यासाठी नाहीच. पूर्वीचे पिवळे सोडियमचे दिवे त्याला छान दिसायचे. २०१५ पासून देशभर खांबांवर पांढरे एलईडी लागले, आणि पांढऱ्या एलईडीतला सगळ्यांत तीव्र भाग साधारण ४५० नॅनोमीटरचा, म्हणजे नेमका न दिसणारा. त्यामुळे एखाद्या शहराने दिवे बदलले की चित्रात ते मंद झाल्यासारखं वाटतं, आणि खाली डोळे दिपतात. २०१२ ते २०१६ मध्ये जगातलं उजळलेलं क्षेत्र वर्षाला २.२ टक्क्यांनी वाढलं असं उपग्रहाच्या हिशोबात निघालं, आणि जगभरच्या हौशी निरीक्षकांनी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तारे-मोजणीत, २०११ ते २०२२ मध्ये, आकाश वर्षाला जवळजवळ १० टक्क्यांनी उजळत गेलेलं आढळलं. दोन्ही हिशोब एकाच गोष्टीचे नाहीत हे खरं, तरी त्या फरकात ह्या निळ्या उजेडाचा वाटा आहे.

ज्यांना ‘वर्ल्डव्ह्यू’ अवघड वाटेल त्यांनी ‘लाइट पोल्युशन मॅप’ बघावा. तो आकाश निरीक्षण करणाऱ्यांसाठी आहे, हाताळायला सोपा. ठिपक्यावर टिचकी मारली की उजेडाचा आकडा येतो, २०१२ पासूनची वर्षं एकामागून एक लावता येतात, खाली रस्त्यांचा नकाशा असल्यामुळे गाव लगेच सापडतं. रोजची रात्र मात्र तिथे नाही, वर्षाची सरासरी. म्हणजे कारखान्याचा हंगाम सरासरीत बुडाला. शिवाय तिथला ‘वर्ल्ड ॲटलास २०१५’ हा थर आकाशात पसरलेल्या उजेडाचा आहे, जमिनीवरच्या दिव्यांचा नाही. पुण्याचा उजेड त्यात घाटावर लांबवर सांडलेला दिसतो. तो बघून ‘सह्याद्रीत एवढी वस्ती?’ असं विचारणारे मला भेटलेत.

ह्याच नकाशावर नागपूरच्या उत्तरेला पेंच शोधा. २०२४ च्या जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. सिल्लारी, वाघोडा, पिपरिया, खापा ह्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून उजेड खाली पडेल असे केले. तिथे माणसं राहतात, वीज आहे, रस्त्यावर दिसतंही नीट, फक्त वर काही जात नाही. दिव्याला टोपी घातली की झालं. लाईनवर असताना आम्ही खांबावर फिटिंग चढवायचो तेव्हा ते कुठे तोंड करून आहे हे कुणी बघत नव्हतं. क्लॅम्प जिकडे बसेल तिकडे दिवा. त्यातले कित्येक अजून आकाशालाच उजेड देतायत, आणि उपग्रहाच्या नकाशात त्या गावांचं वजन त्यामुळेच जास्त.

गुण द्यायचे तर पाचपैकी चार. अर्धा गुण मोबाइलसाठी कापला, अर्धा गावांच्या नावांसाठी. भूगोलाच्या शिक्षकांनी वर्गात जरूर दाखवावं, आणि दाखवताना मुलांना आपल्याच गावातले खांब मोजून आणायला लावावेत. बातम्या लिहिणाऱ्यांनी एका रात्रीच्या चित्रावरून ‘अमुक तालुका अंधारात’ असं छापू नये. आधी ढग बघा, मग ग्रामपंचायतीचं बिल.

सुरुवात करायची असेल तर फेब्रुवारी किंवा मार्चमधल्या अमावास्येच्या आगेमागची रात्र घ्या. हवा स्वच्छ असते, कारखाने चालू असतात, आणि मुंबईपासून कोल्हापूरपर्यंत एका पडद्यात मावतं. तालुक्याचा कागदी नकाशा शेजारी ठेवा, त्याच्यावर वाड्या-वस्त्यांची नावं असतात.